थर्मोप्लास्टिक आहे म्हणून साचा सोपा होत नाही

सध्या एक दावा जोरात फिरतोय: ‘विमानाचे कॉम्पोझिट भाग थर्मोप्लास्टिकचे केले की क्युअरिंगची भानगड संपते. साचा इंजेक्शन मोल्डसारखाच: कॅडमधला आकार उलटा करा, अ‍ॅल्युमिनियममध्ये कापा, थंड ठेवून दाबा. प्रसरणाची भीती असेल तर इन्व्हार घ्या. चुकलंच तर भाग पुन्हा वितळवा.’ कॉम्पोझिटमध्ये कार्बनचे तंतू प्लास्टिकने बांधलेले असतात; थर्मोप्लास्टिक म्हणजे तापवल्यावर पुन्हा वितळणारं प्लास्टिक. त्यामुळे क्युअरिंगचे, म्हणजे रेझिन तापवून कायमचं कडक करण्याचे, तास वाचतात, एवढं खरं. बाकीचं तपासून पाहू.

‘आकार उलटा करून कापा.’ पहिला भाग इथेच भंगारात जातो. क्युअर होणाऱ्या नेहमीच्या रेझिनचं, एपॉक्सीचं, काम बहुधा १८० अंश सेल्सिअसला भागतं. पीईईके हे थर्मोप्लास्टिक ३४३ अंशांना वितळतं आणि प्रक्रिया ३८० ते ४०० अंशांना होते. ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या भट्टीत) साच्यावरच थंड होणारा भाग ३०० अंशांच्या आसपास घट्ट होतो आणि साच्याचं त्या क्षणाचं माप धरतो. तिथून २० अंशांपर्यंत स्टील मीटरमागे सुमारे ३.४ मिमी आकसतं, सगळ्या दिशांना समतोल थर दिलेलं कार्बन लॅमिनेट (तंतूंच्या थरांचा पत्रा) जेमतेम ०.८ मिमी. म्हणून स्टीलचा साचा मीटरमागे साधारण अडीच मिमी लहान कापावा लागतो, अ‍ॅल्युमिनियमचा साडेपाच. शिवाय आकसणारा खोलगट साचा भागाला आवळतो, तर उंचवट्याच्या साच्यावरून तोच भाग सहज सुटतो.

कोनांचं दुखणं वेगळं. लॅमिनेटला पृष्ठाच्या दिशेत तंतू आकसू देत नाहीत, जाडीत मात्र रोखणारं कोणी नसतं. त्यामुळे ९० अंशांची घडी थंड झाल्यावर बऱ्याचदा एक-दोन अंशांनी मिटते. इंजेक्शन मोल्डसारखी सरसकट टक्केवारी लावून हे सुटत नाही. किती मिटेल ते थरांची रचना आणि साच्याचं तापमान ठरवतं. साच्यातली घडीची जागा वेगळा इन्सर्ट (काढता येणारा तुकडा) ठेवावी, पुन्हा कापता येईल इतका माल त्यावर शिल्लक असावा, आणि चाचणीचा भाग मोजल्यावरच अंतिम कोन द्यावा.

‘इन्व्हार घ्या.’ इन्व्हार हा फार कमी प्रसरणारा लोखंड-निकेलचा मिश्रधातू, पण ती ख्याती एपॉक्सीच्या तापमानातली आहे. साधारण २०० अंशांपुढे त्याचं प्रसरण झपाट्याने वाढतं. वर तो जड, आणि तापायला-निवायला सुस्त.

‘थंड ठेवून दाबा.’ प्रेसमध्ये ब्लँक (लॅमिनेटचा सपाट तुकडा) इन्फ्रारेडखाली वितळवून काही सेकंदांत साच्यावर आणतात. साचा थंड असला की बाहेरचा थर गोठतो, थर एकमेकांवर सरकणं थांबतं आणि वळणात सुरकुत्या पडतात. पीईईकेचं स्फटिकीकरणही अर्धवट राहतं. म्हणून साचा २०० अंशांच्या आसपास, कार्ट्रिज हीटर आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावून एकसारखा तापवतात; साचा आणि प्रेसच्या प्लेटमध्ये इन्सुलेशन बोर्ड हवाच. फार तापवला तर काढताना भाग मऊ असतो आणि वाकतो.

दाबाचाही प्रश्न आहे. प्रेस उभी दाबते, त्यामुळे उभ्या भिंतीवर दाब पोहोचतच नाही. गरम होताना ब्लँक फुगलेला असतो. दोन धातूंच्या साच्यांमधली फट किंचित जास्त राहिली तरी तिथे पोकळ्या उरतात. भिंतींना ड्राफ्ट (किंचित तिरकेपणा) द्यावा, किंवा एक बाजू सिलिकॉन रबराची करावी. रबर दाब सारखा वाटतं, पण उष्णतेने लवकर झिजतं आणि त्या बाजूचा पृष्ठभाग तेवढा नेटका येत नाही.

‘पुन्हा वितळवा.’ पोकळ्या असतील तर त्याच साच्यात पूर्ण दाबाखाली हे कधी कधी जमतं. सुरकुती मात्र जात नाही: जास्तीच्या लांबीला जायला जागाच नसते. दाबाशिवाय तापवलेला भाग फुगतो आणि तंतू जागा सोडतात. मंजूर प्रक्रियेत नसलेला असा जादा तापचक्र दिलेला भाग विमानावर चढवता येत नाही.