‘घराण्यातच बीपी आहे, मग वजनाचं काय घेऊन बसलात?’

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचे वडील 54 किलोचे, जन्मभर सायकल दामटली, तरी पंचेचाळिशीत गोळी सुरू झाली. आजीला आणि काकांनाही तेच. आणि मी लिहिलं होतं, ‘वजन सांभाळा, बीपी फिरकणार नाही.’ तुमचा राग रास्त आहे. ते वाक्य चुकलंच, लेखात बदललंय.

पण ‘रक्तातच आहे, मग कटकट कशाला’ हे पटलं नाही. जुळ्यांच्या अभ्यासांत रक्तदाबातल्या फरकाचा साधारण 30 ते 50 टक्के वाटा आनुवंशिक निघतो. उरलेला कुठे गेला? पोट सुटलं की मूत्रपिंडं मीठ-पाणी धरून ठेवतात आणि दाब चढतो. उलट किलोभर वजन उतरलं, तर वरचा आकडा सरासरी एकाने उतरतो. दिसायला किरकोळ, पण घरात बीपी असलेल्याला तोही हवाच.

शिवाय काट्यावरचं वजन फसवतं. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचा फोटो 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 22.3, पण अंगातली चरबी युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2! तुमच्या वडिलांबद्दल मी इथे बसून काही ठरवत नाही. तुम्ही मात्र शिंप्याची टेप घ्या. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत हवी, बाईची 80च्या.

आमच्याकडे आई आणि मावशी दोघींना बीपी. मीही रक्तालाच बोल लावायचे. मग एका दिवाळीत ताटाची डावी बाजू नीट पाहिली: मीठ, लोणचं, चटणी, पापड, सांडगी मिरची. मावशी चव न बघताच वरणभातावर मीठ भुरभुरते, आणि शेजारी बसलेला तिचा पाच वर्षांचा नातूही तस्साच चिमूट सोडतो. त्याला हे जनुकांनी शिकवलेलं नाही. दिवसाला 5 ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे चहाचा एक सपाट चमचा; तो आमचा नाश्त्यालाच संपत असावा.

तुम्ही सगळ्यांचं बीपी लिहिलंत, वय 34 लिहिलंत, स्वतःचं बीपी तेवढं लिहिलं नाहीत. मोजलंय का कधी? पाच मिनिटं शांत बसून मोजा, आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा. लहान पट्ट्यात आकडा उगाच चढा येतो. आणि वडिलांची गोळी परस्पर बंद करू नका. आकडा आला की इथेच खाली कळवा.