‘बंद झालं तर बरंच’ म्हणणाऱ्यांसाठी

गेल्या शनिवारी मंडळाच्या कार्यक्रमानंतर जेवताना विषय निघाला. एक काका, माझ्या वीस वर्षं आधी अमेरिकेत आलेले, म्हणाले, "ते सीएफपीबी बंद पाडतायत ना? बरंच झालं. आपल्या टॅक्सचे पैसे वाचतील." दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. माझ्या हातात आमटीचं पातेलं होतं, पंगतीत वाद नको म्हणून गप्प बसले. पण तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

भारतातल्या मित्रमंडळींसाठी आधी सांगते. सीएफपीबी म्हणजे कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरो. बँका, क्रेडिट कार्डवाले, कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्या कंपन्या, क्रेडिट रिपोर्टवाले यांनी गिऱ्हाइकाला लुबाडू नये म्हणून असलेलं इथलं सरकारी खातं. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालासारखं समजा, पण नियम करायचे, कंपन्यांची तपासणी करायची आणि त्यांना कोर्टात खेचायचे अधिकारही हातात असलेलं.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी आमचं घराचं कर्ज एका कंपनीकडून दुसरीकडे गेलं. इथे हे सर्रास होतं. एक पत्र येतं आणि पुढच्या महिन्यापासून हप्ता नव्या ठिकाणी भरायचा. प्रॉपर्टी टॅक्सचे पैसे आमच्या हप्त्यातूनच कापले जातात, एस्क्रो खात्यात साठतात आणि वेळ आली की कंपनीने ते टाउनशिपला भरायचे असतात. न्यू जर्सीत हा टॅक्स तिमाही असतो: १ फेब्रुवारी, १ मे, १ ऑगस्ट, १ नोव्हेंबर. त्या नोव्हेंबरचा टॅक्स नवी कंपनी भरेल असं जुनीने धरलं, जुनीने भरला असेल असं नवीने धरलं. डिसेंबरात टाउनशिपची नोटीस आली. थकबाकी, वर व्याज, आणि नाव आमचं. आजवर एक हप्ता न चुकवलेल्या आमच्या घराला थकबाकीदाराची नोटीस!

सात आठवडे मी फोन करत होते. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसायचं, मांडीवर डबा, फोन स्पीकरवर, आणि तेच ते वाजणारं संगीत. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून रामायण. मी वहीत तारखा लिहून ठेवल्या होत्या: अकरा फोन, दोन फॅक्स, एक रजिस्टर्ड पत्र. शेवटी नवरा म्हणाला, "जाऊ दे, आपणच भरून टाकू, कटकट मिटेल." म्हणजे एकदा भरलेला टॅक्स आम्हीच पुन्हा भरायचा.

मग ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं, सीएफपीबीकडे तक्रार टाक. रात्री जेवणं आटोपल्यावर बसले, कागद स्कॅन करून जोडले, अर्ध्या तासात काम झालं. नवव्या दिवशी कंपनीचा फोन आला. समोरच्या बाईंना माझं नाव माहीत होतं, फाइल त्यांच्यापुढे उघडी होती. टॅक्स भरला गेला, व्याज त्यांनी सोसलं, चूक कंपनीचीच होती असं लेखी पत्रही आलं. मी तीच होते, तक्रार तीच, कागदही तेच. आता त्यावर सरकारी तक्रार क्रमांक होता आणि अशा तक्रारीला कंपनीकडून साधारण १५ दिवसांत उत्तर अपेक्षित असतं. बँकेपुढे एकट्या माणसाला वजन नसतं. ते वजन हे खातं त्याला उसनं देतं. बाकी सगळं जाऊ दे, माझ्या लेखी एवढ्यासाठी ते टिकलं पाहिजे.

हे खातं कुणाच्या लहरीतून आलेलं नाही. अशा खात्याची कल्पना मांडणाऱ्या एलिझाबेथ वॉरन २००७ मध्ये हार्वर्डला कायदा शिकवत होत्या. त्यांचा मुद्दा साधा होता: पाचातला एक पेट घेईल असा टोस्टर या देशात विकता येत नाही, मग पाचातल्या एका कुटुंबाला रस्त्यावर आणेल असं कर्ज कसं काय विकता येतं? पुढच्याच वर्षी, २००८ च्या मंदीत, जे झालं ते इथल्या सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांनी तेव्हा घर गमावलं, नोकरी गमावली, एच-वन व्हिसावर एकेक दिवस मोजला, ते आपल्याच मंडळात आहेत. ग्राहकरक्षणाचं काम तोवर सात वेगवेगळ्या सरकारी संस्थांत विखुरलेलं होतं, आणि त्यातल्या कुणाचंच ते मुख्य काम नव्हतं. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने ते एका जागी आणलं. २१ जुलै २०११ ला खातं सुरू झालं.

"आपण सगळं वेळेवर भरतो, आपल्याला काय करायचंय?" हेही त्या पंगतीत कुणीतरी म्हणालं. वेल्स फार्गोचे ग्राहकही वेळेवरच भरत होते. विक्रीची टार्गेटं गाठायला तिथल्या कर्मचाऱ्यांनी लोकांना न विचारता त्यांच्या नावावर लाखो खाती उघडली. २०१६ मध्ये सीएफपीबीने त्यांना १० कोटी डॉलर दंड केला. २०२२ मध्ये त्याच बँकेला वेगळ्या गैरप्रकारांबद्दल १.७ अब्ज डॉलर दंड झाला, शिवाय ग्राहकांना २ अब्जांहून जास्त परत करायला लावले. त्यात गाडीच्या आणि घराच्या कर्जांवरचे चुकीचे आकार होते, नाहक ओढून नेलेल्या गाड्या होत्या. सुरुवातीपासून या खात्याने लोकांना मिळवून दिलेली एकूण भरपाई आणि सवलत सुमारे २१ अब्ज डॉलर आहे.

आणि काका, आपण घरी पैसे पाठवतो ना? आई सांगलीला असते. मी पैसे पाठवले की तिचा पहिला प्रश्न, "अगं, किती येतील?" मी तिला रुपयाच्या हिशोबात आकडा सांगते आणि तेवढेच येतात. पूर्वी तसं नव्हतं. जाहिरातीत एक दर, प्रत्यक्षात दुसरा, मधल्या बँकेने कापलेले निराळेच. ऑक्टोबर २०१३ पासून याच खात्याचा नियम लागू आहे. दर काय, फी किती, तिकडे हातात किती पडणार, हे सगळं पाठवणाऱ्याला आधी दाखवावं लागतं. पैसे तिकडे पोचले नसतील तर अर्ध्या तासात रद्द करता येतं, आणि चूक झाली तर १८० दिवसांत कळवलं की कंपनीला तपास करावाच लागतो. ही पावती आपण सगळे न वाचता बंद करतो.

राहिला टॅक्सचा मुद्दा. या खात्याचा खर्च काँग्रेसच्या दरवर्षीच्या बजेटमधून येत नाही, फेडरल रिझर्व्हकडून येतो. तोही शेवटी सरकारचाच पैसा, हे मान्य. ही व्यवस्था घटनाबाह्य आहे म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. मे २०२४ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी ती वैध ठरली, आणि निकाल लिहिला न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस यांनी. त्यांना कुणी डावं म्हणणार नाही.

नियमांचा जाच होतो अशी छोट्या बँकांची तक्रार असते. ती मी उडवून लावत नाही. पण या खात्याचे तपासनीस मुळात १० अब्ज डॉलरहून जास्त मालमत्ता असलेल्या बँकांकडेच जातात.

२०२५ च्या फेब्रुवारीत या खात्यातल्या लोकांना काम थांबवायला सांगितलं गेलं. एप्रिलमध्ये सुमारे १७०० जणांपैकी दोनशेच्या आसपास ठेवून बाकीच्यांना काढायचा घाट घातला, तो कोर्टाने रोखला. मोठ्या बँकांच्या ओव्हरड्राफ्टच्या फीला ५ डॉलरची मर्यादा घालणारा नियम मे महिन्यात रद्द झाला. एमएसला आलेल्या भाच्याच्या खात्यात चार डॉलर कमी पडले आणि ३५ डॉलर कापले गेले, तर ते आता कुणाला सांगायचं? जुलैत खात्याच्या निधीची मर्यादाही जवळजवळ निम्म्यावर आणली. यातून काकांचे किती डॉलर वाचले, मला खरंच जाणून घ्यायचंय.

कुणी अशा फेऱ्यात अडकलं असेल तर तक्रार जरूर टाका. फोनच्या तारखा, बोलणाऱ्याचं नाव, पत्रांच्या प्रती आजपासूनच जपायला लागा. फॉर्म भरताना अडलं तर मला मेसेज करा, मी शेजारी बसून भरून देईन. आणि आपल्या काँग्रेसमनच्या ऑफिसला एक फोन करा, मी सोमवारी केलाय. काकांनाही ही पोस्ट पाठवतेय, पुढच्या कार्यक्रमाला निवांत बोलू.