शिबिराचे फोटो नंतर मागा, आधी दोर कोण धरणार ते विचारा

दहावीचे पेपर संपत आले की मला फोन सुरू होतात. "ताई, मुलाला यंदा डोंगरातल्या शिबिराला पाठवायचंय, कुठलं चांगलं?" मग बोलता बोलता दोन प्रश्न हमखास येतात. जेवण घरच्यासारखं असतं का, आणि ग्रुपवर रोज फोटो टाकतात का. गेली एकोणीस वर्षं उन्हाळी शिबिरांत स्वयंसेवक म्हणून जातेय. मुलांना कड्यावरून उतरवताना दोर कोण धरणार आहे, असं एवढ्या वर्षांत मला फक्त तीन पालकांनी विचारलं. तिघंही नंतर लक्षात राहिले. म्हणून आज जरा सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण मे महिना यायच्या आत वाचा.

पाच वर्षांपूर्वी माझा भाचा एका शिबिराला गेला होता. पुण्यापासून दोन तासांवर. आयोजकांचं नाव लिहीत नाही, कारण मुद्दा एका आयोजकाचा नाही. शेवटच्या दिवशी पालकांना बोलावलं होतं, म्हणून मीही गेले. एकशे चाळीस मुलं, शिकवणारे चौघं. पन्नासेक फुटांच्या कातळावर रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, चाललं होतं. वर जाऊन पाहिलं तर सगळा भार एकाच झाडावर. त्या झाडाच्या बुंध्याला दुसरा आधार नाही, वेगळा सेफ्टीचा दोर नाही. एका हेल्मेटचा पट्टा तुटलेला, तो सुतळीनं बांधलेला. खाली दोर धरायला उभा केलेला मुलगा असेल एकोणीस-वीस वर्षांचा. त्याच्या एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात मोबाईल, खाली उतरणाऱ्या मुलीचा व्हिडिओ काढत होता. कारण पालकांना व्हिडिओ हवे होते.

मी रांग थांबवली. पुढच्या मुलाचा हार्नेस, म्हणजे कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे, बघितला. कमरेचा पट्टा बकलातून एकदाच ओढलेला, उलटा फिरवून परत घेतलेलाच नव्हता. त्या जुन्या पद्धतीच्या बकलात तो उलटा घेतला नाही तर भार आल्यावर सरकून सुटू शकतो. मी मुख्य माणसाला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, दहा वर्षं करतोय. एकदाही काही झालेलं नाही."

हे वाक्य मला आजही झोपेत ऐकू येतं. डोंगरात 'काही झालं नाही' याचा अर्थ 'आपण बरोबर केलं' असा होत नाही. हार्नेसला दोर जोडणाऱ्या कडीचा, कॅराबिनरचा, स्क्रू उघडा राहिला तरी शंभरातली नव्व्याण्णव मुलं सुखरूप उतरतात. ती नव्व्याण्णव मुलं उतरली म्हणून आपण शंभराव्याला तसंच सोडतो. अपघात होतो तो तिथं.

नीट चाललेलं रॅपलिंग कसं असतं ते सांगते, म्हणजे तुम्हाला उभ्या उभ्या ओळखता येईल. वर किमान दोन वेगवेगळे अँकर, दोर बांधायचे पक्के आधार, असतात, म्हणजे एक सुटला तरी दुसरा धरतो. मुलाला दोन दोर असतात. एकावरून ते स्वतः उतरतं. दुसरा सेफ्टीचा, तो प्रशिक्षकाच्या हातात असतो. मुलाच्या हातून पहिला सुटला तरी मूल तिथंच लटकतं, खाली जात नाही. दोर जिथं कातळाच्या धारेवर घासतो तिथं खाली सतरंजी, गोणपाट, काहीतरी घातलेलं असतं. लांब केस बांधून हेल्मेटच्या आत, ओढणी नाही, गळ्यात काही नाही, कारण दोर ज्यातून सरकतो त्या डिसेंडरमध्ये केस अडकले की मूल अधांतरी अडकतं. कड्याच्या काठाजवळ उभी असलेली सगळी माणसं, प्रशिक्षकसुद्धा, स्वतः बांधून घेतलेली असतात. आणि प्रत्येक मुलाचा हार्नेस, कॅराबिनर, गाठ एकजण लावतो आणि दुसरा हात लावून तपासतो. नुसतं बघून 'ओके' म्हणत नाही, ओढून बघतो.

याला वेळ लागतो. एका मुलामागे दहा-बारा मिनिटं सहज जातात. एकशे चाळीस मुलं एका सकाळी एका दोरावरून उतरवायची म्हटली की एकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटं येतात. त्यात मुलाला मिळतं काय? एक धडधड आणि एक फोटो. वर आपण कशावर विश्वास ठेवला, कुणी आपल्याला धरलं होतं, गाठ कुठली होती, काही कळलेलं नसतं.

आता दुसरं शिबिर सांगते. आमचं. लोणावळ्याजवळ राजमाची किल्ल्याला, पायथ्याच्या उढेवाडीत. चोवीस मुलं, आम्ही सहाजण. लोणावळ्याहून चालत आलो होतो, प्रत्येकाची सॅक प्रत्येकाच्या पाठीवर. चौदा वर्षांची एक मुलगी होती. बारीक, अबोल, पहिल्या दिवशी सॅकचे पट्टे लांबच्या लांब सोडलेले, त्यामुळे सगळं ओझं कमरेच्या खाली लोंबत होतं. तिला पट्टे आवळून दिले, जड सामान पाठीलगत कसं लावायचं ते दाखवलं.

तिसऱ्या दिवशी रॅपलिंग. हार्नेस घातला, काठाशी आली, पाठ दरीकडे केली आणि थांबली. डाव्या हातानं दोर इतका घट्ट धरला होता की बोटांची पेरं पांढरी पडली होती. आमचा प्रशिक्षक तिच्या शेजारी मांडी घालून बसला. म्हणाला, "घाई नाही." मागची मुलं करवंदीच्या जाळीच्या सावलीत बसून राहिली. वीस मिनिटं गेली. मग ती म्हणाली, "दादा, मला नाही जायचं." तो म्हणाला, "बरं." तिला आधी आत घेतलं, मग दोर सोडवला, आणि पुढच्याला बोलावलं. टाळ्या नाहीत, 'अगं जमेल तुला' नाही, मागून 'घाबरट' असा आवाज नाही. तसा आवाज काढायचा नाही हे पहिल्याच रात्री सांगून ठेवलेलं असतं.

पालकांना हे पटत नाही, मला माहितीय. तिच्या बाबांनाही नंतर पटलं नाही. "पैसे भरून पाठवलं आणि मुख्य गोष्टच केली नाही?" असं ते म्हणाले. पण 'नाही' म्हणता येणं हीच डोंगरातली मुख्य गोष्ट आहे, असं मी मनापासून मानते. सगळे पुढे चाललेत, आपल्याला आतून काहीतरी बरोबर वाटत नाही, तेव्हा तोंड उघडून सांगणं. मोठमोठ्यांना ते जमत नाही. शिखर दोनशे मीटरवर दिसत असताना मागे फिरायला जी ताकद लागते ती या काठावर, चौदाव्या वर्षी, कुणी न हसता ऐकून घेतलं तरच येते.

चौथ्या दिवशी त्याच मुलीच्या गटाची पुढं चालायची पाळी होती. दुपारी श्रीवर्धनवर, राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी एकावर, जायचं होतं. आमच्याकडे एक पद्धत आहे, पाळी असलेल्या गटानं निर्णय घ्यायचा आणि आम्ही फक्त धोका असेल तर मध्ये पडायचं. निम्म्या वाटेत तिनं थांबवलं. पश्चिमेला ढग काळे होत होते, वारा पडला होता, अंगाला चिकट उकाडा. वळवाच्या दिवसांत किल्ल्याच्या उघड्या माथ्यावर वीज पडायचा धोका असतो, हे आदल्या रात्री शिकवलं होतं. ती म्हणाली, "खाली जाऊया." मुलं वैतागली. दोघांनी तर तोंडावर सांगितलं की ही घाबरते म्हणून. प्रशिक्षकानं एवढंच विचारलं, "कशावरून म्हणतेस?" तिनं ढग दाखवले, वाऱ्याचं सांगितलं. आम्ही उतरलो.

पाऊस आला नाही. एक थेंबही नाही. संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं आणि श्रीवर्धनचा माथा उन्हात लखलखत होता. रात्रीच्या गप्पांत त्या दोघांनी पुन्हा विषय काढला. तेव्हा प्रशिक्षक जे बोलला ते मी वहीत लिहून ठेवलंय: "पाऊस आला असता तरी निर्णय बरोबर होता आणि आला नाही तरी बरोबरच होता. चार वाजता जे दिसत होतं त्यावरून तो घेतला होता."

हे कुठल्या फोटोत येणार?

हिमालयाचं थोडं वेगळं आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं हिमाचलमधल्या कसोलच्या बेस कॅम्पवरून पहिल्यांदा बर्फात गेली. यूथ हॉस्टेल्स या संस्थेच्या सार पास खिंडीच्या ट्रेकला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, त्याला अजून ग्रहण, मिंग थाच, नगारू ही मुक्कामांची नावं ओळीनं आठवतात आणि रात्रीचा बोर्नव्हिटाही. या शिबिरांची रचना मला आवडते, कारण पहिले दिवस खालीच काढायला लावतात. सराव, चालणं, हवेची सवय. कसोल साधारण सोळाशे मीटरवर आणि सार पास बेचाळीसशेच्या आसपास. मधलं अंतर शरीराला हळूहळू कापू द्यावं लागतं. अडीच हजार मीटरच्या वर गेलं की विरळ हवेचा त्रास कुणालाही होऊ शकतो. कितीही दणकट मूल असो, रोज क्रिकेट खेळणारं असो, फरक पडत नाही. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा जगभर पाळला जाणारा ठोकताळा आहे. आता सुट्टी कमी म्हणून चार-पाच दिवसांत शिखर गाठून आणणाऱ्या सहली निघाल्यात. मुलाला पाठवायच्या आधी कार्यक्रमातली प्रत्येक मुक्कामाची उंची मागून घ्या आणि वजाबाकी करा. पाचवीतलं गणित आहे.

आणि मुलाला एकच पढवून पाठवा. डोकं दुखलं, मळमळलं, चालताना तोल गेला तर लगेच सांगायचं. मुलं लपवतात. माझ्यामुळे सगळे थांबतील, बाबांचे पैसे वाया जातील, म्हणून लपवतात. त्रास वाढत असेल तर खाली उतरणं हाच खरा उपाय आहे, आणि तो उशिरा केला तर जीव जातो.

सगळं नीट करूनही डोंगर डोंगरच असतो. 4 ऑक्टोबर 2022 ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-2 या शिखरावर हिमस्खलन झालं, त्यात उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या तुकडीतले 29 जण गेले. त्याच वर्षी एव्हरेस्ट चढून आलेली सविता कंसवाल प्रशिक्षक म्हणून त्यांच्यात होती. मी स्वतः त्याच संस्थेत बेसिक कोर्स केलाय, टेखलाच्या कातळावर पहिली गाठ मारायला शिकलेय. ती बातमी आली तेव्हा दोन दिवस मला जेवण गेलं नव्हतं. जिथं अशी माणसं अशा रीतीनं जाऊ शकतात, तिथं जे आपल्या हातात आहे तेवढं तरी ढिलं सोडायचं नाही, एवढंच मला कळतं. हेल्मेटचा पट्टा आपल्या हातात असतो.

नियम नाहीत असंही नाही. साहसी उपक्रमांसाठी महाराष्ट्र सरकारचा 2018 मध्ये शासन निर्णय निघाला, 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं आणि आयोजकांना पर्यटन विभागाकडे नोंदणी करायला सांगितलं गेलं. नोंदणी मागा. प्रशिक्षकांनी कुठल्या संस्थेतून गिर्यारोहणाचा बेसिक, अॅडव्हान्स कोर्स केलाय ते विचारा, नावानिशी. किती मुलांमागे एक प्रशिक्षक आहे? दोर किती वर्षं वापरलाय, त्याची नोंद ठेवता का? जवळचं रुग्णालय किती अंतरावर, आणि मुक्कामी एक गाडी कायम उभी असते का? कड्यावर आग्या मधमाश्यांची पोळी आहेत का, ते आधी पाहून आलात का? चांगला आयोजक अशा प्रश्नांनी खूश होतो. जो चिडतो, त्याच्याकडे मुलाला पाठवू नका. इतकं सोपं आहे.

एक गोष्ट आयोजकांसाठी, म्हणजे आमच्यासाठीच. ज्या वाडीत आपण तंबू ठोकतो, जिथल्या मावशी चोवीस मुलांना पिठलं-भाकरी करून घालतात, तिथली पोरं त्या कड्याखाली गुरं राखतात. वाट त्यांना पायाखालची. पण हार्नेस त्यांच्या कमरेला कधी लागलेला नसतो. आम्ही दोन जागा त्यांच्यासाठी बिनपैशाच्या ठेवतो. पुण्याच्या मुलांना पाऊलवाट कुठं फुटली ते तीच दाखवतात, आणि संध्याकाळी ही मुलं त्यांना गाठी शिकवतात. सगळ्यांनी करावं असं मला वाटतं.

परवा एका आईचा फोन आला. मुलगा नववीत, पहिल्यांदाच एकटा जाणार. तिला सगळं सांगितलं, मोबाईल जमा करतो हेही सांगितलं. ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, "म्हणजे पाच दिवस एकही फोटो नाही?"

म्हटलं, "नाही. रोज संध्याकाळी सातला मेसेज येईल. सगळे कुठं आहेत, कुणाला काही लागलं-खुपलं का, जेवले का."

"आणि दोर कोण धरणार?" तिनं विचारलं.

मी तिला दोघांची नावं सांगितली.

"थांबा," ती म्हणाली, "लिहून घेते."