‘१६ रंगांचा संगणक’ म्हणजे नेमकं काय?

जुन्या घरगुती संगणकांची तुलना करणारा एक तक्ता सध्या पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतो आहे. प्रत्येक यंत्रापुढे रंगांचा एकच आकडा: अटारी ८०० ला २५६, कमोडोर ६४ ला १६, स्पेक्ट्रमला १५, बीबीसी मायक्रोला ८, ॲपल टूला ६ आणि आयबीएम पीसीच्या सीजीए या चित्र दाखवणाऱ्या कार्डला ४. खाली निष्कर्ष असा की अटारी सर्वांच्या पुढे, स्पेक्ट्रम आणि कमोडोर जवळपास सारखेच, बीबीसी मागासलेला आणि ॲपल-आयबीएम यांना रंगातलं काही कळत नव्हतं. आकडे कुठून ना कुठून खरे आहेत. निष्कर्ष मात्र एकही टिकत नाही, आणि त्यात ज्यांनी ही यंत्रं घडवली त्यांच्यावर अन्याय होतो.

स्पेक्ट्रम-कमोडोरचं आधी घेतो. १९८२ च्या स्पेक्ट्रमचा पडदा २५६ × १९२ ठिपक्यांचा. प्रत्येक ठिपक्याला हवा तो रंग द्यायचा तर ठिपक्यामागे चार बिट (बिट म्हणजे ० किंवा १; आठ बिटांचा एक बाइट), म्हणजे एकूण २४,५७६ बाइट लागले असते. सर्वांत स्वस्त स्पेक्ट्रमची अख्खी रॅम, म्हणजे कामाची स्मृतीच, १६ केबी (१६,३८४ बाइट) होती! म्हणून ठिपके नुसते चालू-बंद ठेवले, त्याला ६,१४४ बाइट लागले. रंग दिला तो ८ × ८ ठिपक्यांच्या चौकटीला. अशा चौकटी ७६८, प्रत्येकीला एक बाइट. सगळं रंगीत चित्र ६,९१२ बाइटमध्ये बसलं. बदल्यात अट ही की एका चौकटीत दोनच रंग, आणि दोन्ही एकतर भडक किंवा दोन्ही फिके. हिरव्या झाडापुढून पिवळा माणूस चालत गेला की झाडाचा तुकडा पिवळा व्हायचा, नाहीतर माणूस हिरवा. हे टाळायला कित्येक गेम एकाच रंगात काढले गेले.

कमोडोरच्या ३२० × २०० च्या चित्रातही चौकटीत दोनच रंग असायचे. पण रुंदीतले ठिपके निम्मे करून, १६० × २०० वर, प्रत्येक चौकटीत चार रंग मिळत. त्यातला एक सगळ्या पडद्याला सामाईक. शिवाय त्याची चित्र काढणारी व्हिक-टू चिप आठ स्प्राइट, म्हणजे २४ × २१ ठिपक्यांच्या हलत्या आकृत्या, चित्राच्या चौकटींशी संबंध न ठेवता वरून काढत असे. माणूस झाडापुढून गेला तरी त्याचा रंग त्याच्याचपाशी राही. १५ आणि १६ या आकड्यांत हे कुठे दिसतं?

अटारीचे २५६ रंग हे निवडायला उपलब्ध रंग आहेत, एका चित्रातले नव्हेत. १९७९ मध्ये यंत्र आलं तेव्हा तर ते १२८ होते; २५६ नंतरच्या जीटीआयए चिपने दिले. त्या चिपवर एकाच रंगाच्या १६ छटा दाखवता येत, पण रुंदीला ठिपके ८० उरत. अटारीची खरी ताकद वेगळीच होती: पडदा रेखाटला जात असतानाच ओळीगणिक रंग बदलण्याची सोय. मावळतीचं आकाश त्यावर फार सुंदर उतरायचं.

बीबीसी मायक्रोला मागासलेला म्हणणं मला सर्वांत खटकलं. त्याच्या मोड २ मध्ये (मोड म्हणजे पडद्याची एक मांडणी) १६० × २५६ ठिपक्यांपैकी कुठल्याही ठिपक्याला आठांतला कुठलाही रंग मिळे, चौकटीची भानगडच नाही. त्यासाठी ३२ केबीपैकी २० केबी पडद्याला द्यावे लागत, ही खरी अडचण. शाळांत संगणक शिकवण्याच्या १९८४ च्या ‘क्लास’ या सरकारी प्रकल्पामुळे हेच यंत्र भारतातल्या शाळांतही आलं.

राहिले ॲपल आणि आयबीएम. सीजीए कार्डावर स्मृतीच १६ केबी, म्हणून ३२० × २०० ला चार रंग. पण अमेरिकी पद्धतीच्या रंगीत टीव्हीला कॉम्पोझिट तारेने (सगळा चित्रसंकेत एकत्र नेणाऱ्या एकाच तारेने) जोडलं, तर ६४० × २०० च्या कृष्णधवल मोडमधून १६ रंग निघत. शेजारशेजारचे बारीक ठिपके टीव्ही वेगळे ओळखू शकत नाही, त्यांच्या रचनेलाच रंग समजतो. ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियाकने १९७७ मध्ये ॲपल टूमध्ये हेच वापरलं होतं. सम स्तंभातला एकटा ठिपका जांभळा, विषम स्तंभातला हिरवा, आणि शेजारी शेजारी दोन ठिपके लागले की पांढरा. बाइटमधला आठवा बिट ठिपके अर्ध्या जागेने सरकवी, तेव्हा जांभळ्या-हिरव्याऐवजी निळा आणि नारिंगी मिळे. वेगळी रंगाची चिप नाही, रंगाची वेगळी स्मृती नाही. रंग टीव्हीकडून करून घेतला, यात मला अजूनही नवल वाटतं.

आज सपाट पडद्यावर त्या ठिपक्यांचं जसंच्या तसं चित्र काढून ‘बघा, नुसते काळे-पांढरे पट्टे’ म्हणणारे हा टीव्हीच वगळतात. ही युक्ती रंगीत टीव्हीच्या अमेरिकी, म्हणजे एनटीएससी, पद्धतीपुरतीच होती. युरोपात पाल पद्धत, म्हणून तिथल्या ॲपल टू युरोप्लसला रंगासाठी वेगळं कार्ड लागे. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडसोबत रंगीत टीव्ही आला तोही पालच. ॲपलपुढे ६ लिहायचे असतील तर ते कुठल्या टीव्हीवर, हे त्याच रकान्यात लिहायला हवं.