कृतीदेवातलं 'मराठी' मामाला कसं ऐकू येतं

माझ्या मामाची नजर काचबिंदूने गेली. लॅपटॉपवर एनव्हीडीए, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, लावून तो सगळं ऐकतो. परवा त्याच्या ज्येष्ठ नागरिक संघाचं इतिवृत्त आलं आणि लगेच त्याचा फोन, "अरे, फाईल बिघडल्ये की माझं मशीन?"

दोन्ही धड होतं. चिटणीसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा 'अंध व ज्येष्ठांसाठी मराठी फाईल अशी करा' हा मेसेज मनोभावे पाळला होता, एवढंच. तो मलाही तीनदा आलाय.

त्यातली पहिली सूचना : 'युनिकोड इंटरनेटपुरतं. फाईलला कृतीदेव घ्या, अक्षर ठळक आणि मोठं ठेवा, सगळ्यांना वाचता येईल.' (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारी पद्धत; कृतीदेव हा युनिकोड नसलेला जुना देवनागरी फॉन्ट.)

कृतीदेवात 'मराठी' टाइप केलं की फाईलच्या पोटात देवनागरी नसतेच. तिथे असतात इंग्रजी ई, जे, के, मोठा बी आणि एच. 'ई'ला 'म'चं सोंग चढवलेलं असतं, 'जे'ला 'र'चं. डोळ्यांना सोंग दिसतं. एनव्हीडीए मात्र आतलं अक्षर वाचतं, त्यामुळे मामाच्या कानावर ओळीमागून ओळ नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी. अक्षर चाळीस पॉइंटचं करा नाहीतर चारशे! त्या फाईलमध्ये 'वर्गणी' शोधली तर डोळस माणसालाही सापडत नाही. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. तिथे 'म' हा 'म'च असतो.

हो, पानं मांडायच्या जुन्या पेजमेकर प्रोग्रामात युनिकोड विस्कटतं आणि युनिकोडच्या पीडीएफमधूनही कधीकधी वेलांट्या उड्या मारतात. मान्य. मग वर्ड फाईल पाठवा की. इतिवृत्ताला पेजमेकर हवाय कशाला?

दुसरी : 'प्रत्येक मुद्द्याआधी बोटाचं चित्र किंवा बरोबरची खूण टाका.' बोट दिसलं की मामाचं मशीन दर ओळीला 'बॅकहँड इंडेक्स पॉइंटिंग राइट' म्हणतं. बावीस मुद्दे, बावीस वेळा. विंगडिंग्ज या चित्रांच्या फॉन्टमधली बरोबरची खूण तर मुळात दोन टिंबंवाला लॅटिन 'यू' आहे. तीही कृतीदेवचीच बहीण. वर्डमधलं बुलेटचं बटण दाबून साधा ठिपका घ्या, म्हणजे ही यादी आहे हे मशीनलाही कळतं. वेब कंटेंट अ‍ॅक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स या, वेबवरचा मजकूर अपंगांनाही वापरता यावा म्हणून केलेल्या नियमावलीतला १.३.१ हा निकष हेच मागतो : डोळ्यांना दिसणारी रचना फाईलच्या आतही असावी. आणि हो, त्या अख्ख्या दस्तऐवजात अमुकच फॉन्ट वापरा असं कुठेही नाही. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ फरक ठेवा, असं मात्र आहे. चिटणीसांचं शीर्षक पिवळ्यावर पांढरं होतं.

तिसरी, 'ओपनडिस्लेक्सिक वापरा'. हा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनात अडचण, असलेल्यांसाठी केलेला फॉन्ट. त्यात देवनागरी नाही. वर्ड गुपचूप दुसराच फॉन्ट लावतं आणि आपण खूश. मुक्ता हा युनिकोड देवनागरी फॉन्ट फुकट मिळतो, तो घ्या.

चौथी, 'फॉन्ट हलू नये म्हणून पानाचा फोटो पाठवा'. यावर मी काही बोलत नाही.

चिटणीसांकडे युनिकोडमधली वर्ड फाईल मागितली आहे. उत्तरादाखल हात जोडल्याचं चित्र आलं. मामाच्या मशीनने तेही वाचून दाखवलं.