खुलासा : लस आणि प्लेटलेट कमी होण्याबद्दल

‘लसीमुळे मुलांच्या प्लेटलेट संपतात, म्हणून कुठलीच लस देऊ नका,’ असा मेसेज फिरतो आहे. त्यात एक धागा खरा आहे, म्हणूनच तो पटतो.

गोवर-गालगुंड-रुबेला, म्हणजे एमएमआर लसीनंतर, साधारण 6 आठवड्यांच्या आत, क्वचित आयटीपी हा प्लेटलेट कमी होण्याचा आजार होतो. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच प्लेटलेटवर, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशींवर, हल्ला करते. अंगावर बारीक लाल-जांभळे ठिपके उठतात, दाबले तरी फिके पडत नाहीत. नाक किंवा हिरड्यांतून रक्त येतं. प्रमाण अंदाजे 30 ते 40 हजार डोसमागे एक. बहुतेक मुलं 6 महिन्यांत पूर्ण बरी होतात, कित्येकांना औषधही लागत नाही.

मेसेज लिहिणाऱ्याने लपवलेली गोष्ट मला सर्वांत जास्त खटकते: हाच आजार गोवर आणि रुबेला झाल्यावरही होतो. रुबेलात तर सुमारे 3 हजार रुग्णांमागे एकाला, म्हणजे लसीच्या कितीतरी पट. शिवाय गोवराने न्यूमोनिया होतो, मेंदूला सूज येते, मुलं दगावतात. आणि ‘कुठलीच लस नको’ हे तर कशावरूनच निघत नाही. लहान वयातल्या इतर नेहमीच्या लसींचा असा संबंध सिद्ध झालेला नाही.

ठिपके दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि लसीची तारीख सांगा. तोवर अॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. मुलाला आधी आयटीपी झाला असेल, तर पुढचा डोस परस्पर टाळू नका. डॉक्टरांशी बोलूनच ठरवा.