धूर कोंडलेला नसतो

‘प्रत्येक इलेक्ट्रॉनिक वस्तूत कंपनी धूर भरून देते. धूर आत आहे तोवर वस्तू चालते, बाहेर पडला की बंद.’ सीसीटीव्ही आणि अलार्म बसवणाऱ्यांमध्ये हा सिद्धांत पुन्हा पुन्हा फिरतो. सोबत त्याची भावंडंही असतात: एलईडी उजेड देत नाही, अंधार शोषून घेते, केबलचं टोक उघडं राहिलं की डेटा गळतो, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) म्हणजे फक्त लिहिता येणारी, वाचता न येणारी मेमरी.

विनोद जुना आहे आणि चांगला आहे. जुन्या ब्रिटिश मोटारगाड्यांच्या शौकिनांनी लुकस कंपनीच्या वायरिंगची टर उडवताना ‘धूर परत भरण्याचा किट’सुद्धा काढला होता, पार्ट नंबरासकट. तक्रार हसण्याबद्दल नाही. हसून झाल्यावर गिऱ्हाईक आणि कामावर नव्याने आलेली पोरं त्यातली एक गोष्ट खरी धरून बसतात, ती म्हणजे धूर नाही, वास नाही, म्हणजे माल ठणठणीत. म्हणून विनोदाला गंभीरपणे उत्तर देण्याचा हा आगाऊपणा.

आधी धुराचंच बघू. बाहेर येतो तो धूर आत भरलेला नसतो, तो तिथल्या तिथे तयार होतो. डीसी पिनमध्ये (कॅमेऱ्याला पॉवर देणारी पिन) लाल-काळी वायर उलटी कसली आणि कॅमेऱ्यात उलट्या जोडणीपासून बचाव करणारा डायोड नसला, तर एखादी आयसी (चिप) किंवा रेझिस्टर तापून त्याचं आवरण जळतं. बोर्डाचं इपॉक्सी जळलं की तो घशाला लागणारा उग्र वास येतो. एसएमपीएस, म्हणजे घरच्या विजेतून कॅमेऱ्याला १२ व्होल्ट देणारा डबा, त्यातला फुगलेला कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारा भाग) फुटतो तेव्हा दिसतो तो बहुधा धूर नसून आतल्या द्रवाची वाफ असते. त्याच्या डोक्यावर फुलीसारख्या खाचा मुद्दाम ठेवलेल्या असतात, दाब वाढला की तिथूनच फाटावं म्हणून. म्हणजे धूर हे कारण नव्हे, शेवट. वस्तू मेली, मग धूर निघाला.

आणि बहुतेक वेळा तोही निघत नाही. नेहमीची तक्रार घ्या: ‘गेटवरचा कॅमेरा दिवसा मस्त चालतो, रात्री सारखा बंद-चालू होतो.’ धुराच्या सिद्धांताप्रमाणे कॅमेरा निर्दोष, कारण वास नाही. मग दोष डीव्हीआरवर किंवा एमएसईबीवर जातो. खरं गणित असं आहे. पुरवठा १२ व्होल्टचा, केबल ६० मीटर, पॉवरची तार ०.२५ चौरस मिलिमीटर तांब्याची. जाणं-येणं मिळून १२० मीटर, म्हणजे रेझिस्टन्स (करंटला होणारा विरोध) साधारण ८.२ ओहम. दिवसा कॅमेरा ०.२ अँपिअर घेतो असं धरलं तर वाटेत १.६ व्होल्ट पडतात आणि कॅमेऱ्याला १०.४ मिळतात. तेवढ्यावर तो चालतो. अंधार पडला की इन्फ्रारेड एलईडी लागतात, करंट ०.४ वर जातो, ३.३ व्होल्ट वाटेतच संपतात आणि कॅमेऱ्यापाशी उरतात ८.७. बऱ्याच कॅमेऱ्यांवर ‘१२ व्होल्ट, अधिक-उणे २५ टक्के’ छापलेलं असतं, म्हणजे तळ ९ चा. कॅमेरा बंद पडतो, एलईडी विझतात, करंट उतरतो, व्होल्टेज परत चढतं, कॅमेरा सुरू होतो, एलईडी पुन्हा लागतात. रात्रभर हाच खेळ. तार तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची निघाली तर रेझिस्टन्स जवळपास दीडपट धरा. वायरच्या टोकाला ब्लेडने खरवडून बघा, आत चांदीसारखं चमकलं की समजायचं.

मोजमाप घ्यायचं ते कॅमेऱ्याच्या टोकाला, रात्री, कॅमेरा जोडलेला असताना. एसएमपीएसपाशी १२ दिसले म्हणून मीटर खिशात टाकणारे खूप. पिन काढून मोजली तरी पूर्ण १२ दिसतात, कारण करंटच वाहत नसतो. उपाय स्वस्त आहे. थ्री प्लस वन केबलमध्ये (तीन साध्या तारा आणि चित्राची एक) ऑडिओसाठीची तिसरी तार रिकामी असेल तर ती दोन्ही टोकांना निगेटिव्हला जोडा. रेझिस्टन्स ६.२ ओहमवर येतो आणि रात्रीही साडेनऊ व्होल्ट मिळतात. ते काठावरचं वाटत असेल तर (तसं ते आहेच) पुरवठा कॅमेऱ्याजवळ न्या. एसएमपीएसवरचा छोटा स्क्रू फिरवून १३ करता येतात, पण त्याच एसएमपीएसवरच्या जवळच्या कॅमेऱ्यांनाही ते १३ जाणार, हे लक्षात ठेवून.

‘धूर परत भरता येतो’ या उपसिद्धांताला मात्र अर्धे गुण. एसएमपीएसच्या आउटपुटचा फुगलेला कपॅसिटर खरंच बदलता येतो. मायक्रोफॅरॅड (क्षमतेचं माप) तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ डिग्रीचा, लो-ईएसआर (आतला रेझिस्टन्स कमी असलेल्या) प्रकारचा, आणि पट्टी असलेली बाजू निगेटिव्हला. कपॅसिटर फुगल्याची खूण धूरच असते असं नाही, चित्रावर वर-खाली सरकणारे आडवे पट्टे हीसुद्धा एक खूण असते. पण मेन्सच्या (घरच्या विजेच्या) बाजूचा मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो, आणि २३० व्होल्ट एसीवर त्याच्यात ३२५ च्या आसपास डीसी असतो. तो रेझिस्टर लावून रिकामा करून, मीटरने खात्री केल्याशिवाय बोर्डाला बोट लावू नये. इथे विनोद थांबतो.

अंधार शोषणाऱ्या दिव्यांबद्दल फार लिहिण्यात अर्थ नाही. पुरावा म्हणून ट्यूबलाइटची काळी पडलेली टोकं दाखवतात, अंधार भरून गच्च झालेली. ती काळी होतात फिलॅमेंटवरचा लेप आणि धातू उडून काचेला बसतो म्हणून. या सिद्धांताने कॅमेऱ्याचं जे नुकसान होतं ते वेगळंच. रात्री चित्र पांढरंफट झालं की ‘एलईडी जास्त झाल्या’ म्हणून कॅमेराच बदलतात. इन्फ्रारेड उजेड आपल्याला दिसत नाही, सेन्सरला दिसतो. ८५० नॅनोमीटरच्या एलईडी अंधारात मंद लाल दिसतात, ९४० च्या तेवढ्याही नाहीत. संध्याकाळी ‘टक्’ असा आवाज येतो तो लेन्समागचा फिल्टर बाजूला सरकल्याचा. मग समोर चार बोटांवर छज्जा किंवा पांढरी भिंत असेल तर सगळा उजेड तिथूनच उलटतो, कॅमेरा एक्स्पोजर कमी करतो आणि मागचं अंगण काळंठिक्कर पडतं. कॅमेरा वीतभर पुढे घेतला की काम होतं. डोम (घुमटाच्या आकाराचा कॅमेरा) असेल तर आतली फोमची रिंग काचेला नीट टेकलीय का पाहा. आणि कोळी! एलईडीभोवती किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि लेन्सपुढे हलणारं एक जाळं रात्रभर मोशन रेकॉर्डिंग करवतं. औषध एकच, महिन्याला एकदा ब्रश.

गळणाऱ्या डेटाचा विनोद सत्याच्या सगळ्यात जवळ जातो, फक्त दिशा उलटी. बाहेर काही गळत नाही, आत पाणी शिरतं. गच्चीवरची केबल सरळ भोकातून घरात आणली की पाणी तिच्या अंगावरून ओघळत बॉक्समध्ये येतं. आवरणाला चीर असेल तर आतून, तारांच्या फटींमधून, मीटर-मीटर पुढे सरकतं. भोकाआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळतील. जोड पीव्हीसी बॉक्समध्ये, बॉक्सचं भोक खालच्या बाजूला. काळी इन्सुलेशन टेप पुरत नाही: उन्हात तिचा गोंद पातळ होतो आणि पावसाळ्यात ती सापाच्या कातीसारखी सुटते. ताणून गुंडाळली की स्वतःलाच चिकटते ती रबरी टेप वापरा, वरून साधी. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ हे टाळलं तर डीसी पिन हिरवी पडते. ओलाव्यात व्होल्टेज असलं की पॉझिटिव्हची बाजू खाल्ली जाते. इथेही धूर नाही, पिन गुपचूप संपते.

अर्थिंगवर तर ज्याला जे सुचेल ते. नव्या पोराला ‘पाव किलो अर्थिंग घेऊन ये’ म्हणून दुकानात पाठवणं हा त्यातला सभ्य प्रकार. पण डीव्हीआरच्या बीएनसीला (चित्राच्या केबलच्या गोल जोडणीला) हात लावल्यावर मुंग्या येतात तेव्हा हेच पोर ‘शॉक आहे, डीव्हीआर गेला’ म्हणतं. दोन पिनांच्या ॲडॅप्टरमध्ये मेन्स आणि आउटपुट यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर असतो, त्यातून मिलीअँपचा काही अंश पाझरतो. मीटर पन्नास-शंभर व्होल्ट दाखवेल, पण मागे ताकद नसते. तरीही बीएनसी जोडताना मधली पिन आधी टेकली तर तो झटका थेट व्हिडिओ इनपुटवर जातो, म्हणून जोडण्या पॉवर बंद करूनच. चित्रावर पट्टे असतील आणि कॅमेरा लोखंडी ग्रिलवर कसलेला असेल, तर स्क्रू काढून त्याला धातूपासून दूर धरा. पट्टे गेले तर दोष दोन ठिकाणी (डीव्हीआरकडे आणि ग्रिलपाशी) झालेल्या अर्थिंगचा. ग्रिल आणि कॅमेरा यांच्यात प्लास्टिकचा बॉक्स घाला आणि स्क्रू आरपार जाऊन ग्रिलला टेकणार नाहीत हे बघा.

राहिली ‘फक्त लिहिता येणारी मेमरी’. सिग्नेटिक्स कंपनीच्या २५१२० या चिपची थट्टेची डेटाशीट १९७२ ची. त्या चिपमध्ये माहिती जाते, परत येत नाही. ही कल्पना खोडून काढणं अवघड आहे, कारण अनेक घरांत डीव्हीआर नेमका तसाच वापरला जातो. लाइव्ह चित्र दिसतं म्हणून रेकॉर्डिंग होतंय असं धरतात. हार्ड डिस्क महिन्यापूर्वीच दिसेनाशी झालेली असते आणि बीप त्रास देतो म्हणून बंद केलेला असतो. ‘एक टीबी आहे, महिनाभर राहतं’ हेही असंच. चार कॅमेरे, प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट, सतत रेकॉर्डिंग: मिळून ८ मेगाबिट, म्हणजे सेकंदाला एक मेगाबाइट, दिवसाला ८६.४ जीबी. एक टीबीत साडेअकरा दिवस बसतात, बाराव्या दिवशी पहिला पुसला जातो.

बसवून निघण्यापूर्वी कालचं (असेल तर) आणि दहा मिनिटांपूर्वीचं, अशी दोन फूटेज चालवून पाहावीत आणि एक पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडावं. डीव्हीआर बंद करून दहा मिनिटांनी सुरू करा. तारीख १९७० किंवा २००० वर गेली तर बोर्डावरचा सेल, बहुधा सीआर २०३२, बदला. चोरी झाल्यावर घड्याळ चुकीचं दिसलं, तर ते लगेच दुरुस्त करायला धावू नका. आधी मोबाइलची वेळ आणि स्क्रीनवरची वेळ एकाच फोटोत घ्या. फरक १ तास ४० मिनिटांचा असेल तर तेवढा हिशेबात धरून पोलिसांना नेमका तुकडा शोधून देता येतो.